मुलीचा चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा का दिसू लागला? लहान मुलांच्या पोर्ट्रेटचे रिटचिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांच्या मुलीचा पोर्ट्रेट फोटो झाडाच्या सावलीत, हिरवळीवर बसवून काढलेला आहे. उजव्या गालावर ताजा ओरखडा आहे, दोन्ही गालांवर लालसर चट्टे आहेत, डोळ्यांखाली काळसरपणा दिसतो आणि हनुवटीच्या खालच्या बाजूला हिरवट झाक आली आहे. वडिलांनी त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर ७० टक्क्यांवर लावून पाहिला, तेव्हा चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा झाला. तोच ३० टक्क्यांवर आणला, तर चट्टे आणि काळसरपणा जसेच्या तसे राहिले. या दोहोंच्या मधला योग्य आकडा कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

असा आकडा नाही, आणि तो का नाही हे एकदा कळले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते. त्वचा गुळगुळीत करणारा कोणताही फिल्टर ढोबळमानाने एकच गोष्ट करतो. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये फरक थोडा असला तर तो त्यांची सरासरी काढतो आणि फरक मोठा असला तर ती कडा समजून सोडून देतो. मुलांच्या त्वचेवरची रंध्रे, गालावरची मऊ लव आणि कातडीवरची बारीक चमक या साऱ्या गोष्टी नेमक्या त्या थोड्या फरकाच्या पट्ट्यात बसतात. मोठ्या माणसाच्या त्वचेचा पोत जाड असतो, त्यामुळे तिथे फिल्टर लावूनही काहीतरी उरते. मुलांचा पोत इतका नाजूक असतो की कॅमेऱ्याच्या नॉइजमध्ये (चित्रातल्या दाणेदारपणात) आणि त्यात फिल्टरला फरक करता येत नाही. याउलट गालावरचा चट्टा शंभर-दोनशे पिक्सेल रुंद असतो आणि हळूहळू विरत जातो. दहा-वीस पिक्सेलच्या टापूत सरासरी काढणाऱ्या फिल्टरचा हात तिथपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे जे राखायचे होते ते आधी गेले आणि जे घालवायचे होते ते शेवटपर्यंत राहिले. तुमच्या मुलीच्या फोटोत पोताची तक्रार मुळात नव्हतीच. तिथे तक्रार आहे ती रंगाची आणि उजेडाची, आणि ती रंगाच्या व उजेडाच्या साधनांनीच दूर करावी लागेल.

हत्यारे हातात घेण्यापूर्वी काय काढायचे हे ठरवावे. चेहऱ्यावर पाहुणे कोण आणि घरचे कोण, असा प्रश्न मी प्रत्येक खुणेबाबत स्वतःला विचारतो. पंधरा दिवसांनी जे आपोआप नाहीसे होणार आहे ते पाहुणे : ओरखडा, डास चावल्याची गांधी, खपली, फुटलेले ओठ, नाकाखालचा ओलसरपणा, तोंडाजवळची पुरळ. जे पंधरा दिवसांनीही तिथेच असणार आहे ते घरचे : तीळ, जन्मखूण, जुना व्रण, भुवईतली मोकळी जागा, पडलेल्या दाताची फट. पाहुण्यांना निरोप द्यायला हरकत नाही. घरच्यांना हात लावायचा असेल तर आईवडिलांनी तसे स्पष्ट सांगितलेले असावे, आणि मूल पुरेसे मोठे असेल तर त्यालाही विचारावे. सुरुवातीच्या काळात मी जुळ्या भावांच्या एका फोटोत एकाच्या डाव्या कानाजवळचा बारीक तपकिरी ठिपका मातीचा समजून पुसला होता. फोटो पाहताच आई म्हणाली, ‘‘अहो, यात दोघेही धाकटेच कसे?’’ घरच्यांना दोघांत फरक ओळखण्याची तीच एक खूण होती. तेव्हापासून काम सुरू करण्यापूर्वी कायमच्या खुणांची यादी विचारून घेण्याची सवय मला लागली.

आता तयारी. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, असेल तर तिथूनच सुरुवात करावी आणि १६ बिटमध्ये उघडावा. फक्त जेपेग असेल तरी काम होते, पण ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात, आणि गालासारख्या सावकाश बदलणाऱ्या पृष्ठभागावर कर्व्ह (उजळ-गडदपणा बदलणारी रेषा) फार ओढला की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. रॉ फाइलमध्ये सर्वांत आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, पाहावा. झाडाच्या सावलीतला उजेड निळसर असतो, त्यात पानांमधून गाळून आलेला हिरवा मिसळतो. तापमान थोडे उबदार करून आणि टिंटचा काटा किंचित किरमिजीकडे सरकवूनच डोळ्यांखालचा काळसरपणा बराच कमी झालेला तुम्हाला दिसेल. जी तक्रार संपूर्ण चित्राची आहे ती ब्रशने दूर करण्यात वेळ घालवू नये. क्लॅरिटी आणि टेक्श्चर हे दोन्ही काटे मात्र शून्यावर ठेवावेत. क्लॅरिटी वाढवली की मुलाच्या चेहऱ्यावर नसलेल्या सावल्या उमटतात, आणि टेक्श्चर उणे केले की पुन्हा तीच बाहुली समोर येते.

पुढचे सारे काम वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावर एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, करावे. मूळ चित्राच्या लेअरला कधीही हात लावू नये. फोटोशॉपच्या भाषेत मी सांगतो आहे, परंतु गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे सर्व करता येते. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून गिम्प ८ बिटच्या पुढे काम करतो, आणि २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून त्यातले बरेचसे फिल्टर मूळ पिक्सेल न बदलता लावता येतात व नंतर पुन्हा उघडून दुरुस्त करता येतात.

पहिला लेअर सफाईचा. एक रिकामा लेअर घ्यावा, हीलिंग ब्रश निवडावा आणि सॅम्पलच्या खान्यात ‘करंट अँड बिलो’ ठेवावे, म्हणजे खालचे चित्र वाचून नवे पिक्सेल वरच्या रिकाम्या लेअरवर पडतील. हा ब्रश फोटोशॉपमध्ये २००२ साली आला. त्यापूर्वी सगळी भिस्त क्लोन स्टॅम्पवर होती. दोघांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. क्लोन स्टॅम्प जे उचलतो तेच जसेच्या तसे चिकटवतो. हीलिंग ब्रश उचललेल्या जागेचा पोत घेतो, पण रंग आणि उजळपणा मात्र जिथे चिकटवतो त्या जागेच्या आजूबाजूवरून ठरवतो. म्हणूनच तो गालाच्या मोकळ्या भागावर जादू केल्यासारखे काम करतो, आणि म्हणूनच केसांच्या, नाकपुडीच्या किंवा कपड्याच्या कडेला टेकला की तिथला काळा रंग त्वचेत ओढून आणतो. कडेजवळ क्लोन स्टॅम्पच वापरावा, ब्रशची कड मऊ ठेवून आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) साधारण ५० टक्के ठेवून.

तुमच्या फोटोतला ओरखडा गालाच्या उजळ भागातून निघून जबड्याच्या सावलीकडे उतरतो, असे वर्णनावरून दिसते. तो एका झटक्यात वरून खाली पुसण्याचा मोह टाळावा, कारण वरच्या भागासाठी उचललेला पोत खालच्या सावलीत जुळत नाही. ओरखड्याच्या रुंदीपेक्षा जेमतेम मोठा ब्रश घ्यावा आणि ओरखड्याचे चार-पाच तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यासाठी अगदी शेजारची, उजेडापासून तितक्याच अंतरावरची त्वचा नमुना म्हणून उचलावी. गालावरची लव एका बाजूला झुकलेली असते. नमुना आणि डाग या दोन्ही ठिकाणी तिची दिशा सारखी आहे ना, हे १०० टक्के झूमवर पाहावे. दिशा उलटी आली तर ती जागा कशामुळे खटकते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की. तोच तो नमुना दोनदा उमटला असेल तर तोही याच वेळी शोधून मोडावा. ओरखड्याची रेघ गेल्यावर तिच्या भोवतीचा गुलाबी फुगार तसाच उरेल. त्याला आता हात लावू नये. तो रंगाचा भाग आहे आणि रंगाच्या वेळी चट्ट्यांबरोबर तोही जाईल. हीलिंग ब्रशनेच सगळे मिटवायला गेले की त्वचेवर ठिगळे दिसू लागतात.

याच लेअरवर नाकाखालचा ओलसरपणा, ओठांच्या कोपऱ्यातली लाळेची चमक, गालाला चिकटलेला गवताचा तुकडा हेही काढावे. लाळेची चमक पूर्ण पुसण्याऐवजी क्लोन स्टॅम्पचा मोड ‘डार्कन’ करून तिचे पांढरे टोक फक्त मोडावे, म्हणजे खालचा ओठ ओला आणि जिवंत दिसतो. केसांच्या बाबतीत मी हात आखडता ठेवतो. डोळ्यावरून किंवा बुबुळावरून जाणारी बट काढावी, कारण ती नजरेच्या आड येते. कपाळावर भुरभुरणारे केस आणि डोक्याभोवती उजेडात चमकणारे बारीक केस तसेच ठेवावेत. पाच वर्षांच्या मुलीचे केस चोपून बसवल्यासारखे दिसले तर तो फोटो पासपोर्टसाठी काढल्यासारखा वाटतो.

आता चट्टे. यासाठी ह्यू/सॅच्युरेशनचा (रंगछटा आणि रंगाचा भडकपणा बदलणारा) अॅडजस्टमेंट लेअर घ्यावा, त्यात ‘रेड्स’ निवडावे आणि तिथल्या ड्रॉपरने चट्ट्याच्या मधोमध एकदा टिचकी मारावी. मग ह्यूचा काटा मुद्दाम टोकाला न्यावा, चेहरा निळा-हिरवा झाला तरी चालेल. कोणकोणता भाग पकडला गेला आहे हे त्या भडक रंगामुळे स्वच्छ दिसते. खालच्या पट्टीवरची टोके आत सरकवत न्यावीत. फक्त चट्टे रंगलेले दिसतील आणि भोवतालची त्वचा मूळ रंगात राहील, तिथे थांबावे. एवढे झाले की ह्यू परत शून्यावर आणावा आणि तिथून हळूच उजवीकडे, म्हणजे लालाकडून पिवळ्याकडे, चार-सहा अंश सरकवावा. सॅच्युरेशन थोडे उतरवावे आणि लाइटनेस एक-दोन अंकांनी वाढवावा. हे जमले की लेअरचा मास्क (लेअरचा परिणाम कुठे दिसावा हे ठरवणारे आवरण; काळ्या जागी तो दिसत नाही, पांढऱ्या जागी दिसतो) काळा करून मऊ पांढऱ्या ब्रशने, १० टक्क्यांच्या आसपास फ्लो (ब्रशमधून पडणाऱ्या रंगाचे प्रमाण) ठेवून, फक्त चट्ट्यांवर फिरवावा. ओठ, कानांच्या पाळ्या आणि डोळ्यांचे कोपरे मास्कखाली काळेच राहिले पाहिजेत, कारण तिथला लाल रंग तिथलाच आहे. गालांचा सगळा लालपणाही काढायचा नाही. धावून आलेल्या मुलाच्या गालावर लाली असतेच. आपल्याला ती दोन्ही गालांवर सारखी, कडा नसलेली हवी आहे. पोत इथे जसाच्या तसा राहतो, कारण आपण फक्त रंग बदलला आहे.

रंगाचे चट्टे नेमके कुठे आहेत हे डोळ्यांना कळत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. सर्वांत वर एक तात्पुरता लेअर ठेवून सॅच्युरेशन ५०-६० ने वाढवावे. लपलेले सारे चट्टे नकाशावरच्या देशांसारखे वेगळे दिसू लागतात. तसेच उजेडाचे डाग पाहायचे असतील तर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेअर ठेवावा. काम झाले की हे दोन्ही लेअर काढून टाकावेत. मी एकदा सॅच्युरेशनचा लेअर तसाच ठेवून फोटो छपाईला पाठवला होता, म्हणून हे वाक्य आवर्जून लिहितो आहे.

हिरवट झाक हा या फोटोतला सर्वांत रंजक भाग. हिरवळीवर पडलेला उजेड वर परततो आणि चेहऱ्याचे जे पृष्ठभाग खाली पाहतात त्यांवर चढतो : हनुवटीची खालची बाजू, जबड्याची कड, नाकाच्या शेंड्याखालचा भाग, वरच्या ओठाखालची सावली, मान. बहुतेक जण हनुवटी दुरुस्त करतात आणि नाकाखालचा हिरवा विसरतात. मग तो आजारपणासारखा दिसतो. उपाय असा : एक रिकामा लेअर घ्यावा, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळण्याची रीत) ‘कलर’ करावा (गिम्पमध्ये याला एचएसएल कलर असे नाव आहे), जवळच्या निरोगी त्वचेवरून रंग उचलावा आणि मऊ ब्रशने १०-१५ टक्के ओपॅसिटीवर हिरवट भागावरून फिरवावा. हा मोड खालचा उजळपणा तसाच ठेवतो आणि रंग तेवढा बदलतो, त्यामुळे सावलीचा आकार बिघडत नाही.

यात एक खोच आहे. रंग गालाच्या उजळ भागावरून उचलला तर हनुवटीखालची सावली राखेसारखी करडी दिसते. त्वचेच्या सावल्या उजळ भागापेक्षा जास्त गडद आणि जास्त लालसर रंगाच्या असतात, म्हणून नमुनाही सावलीतल्याच, पण हिरवळीकडे न पाहणाऱ्या त्वचेवरून घ्यावा. तुमच्या फोटोत कानापुढची, केसांच्या सावलीतली त्वचा त्यासाठी योग्य ठरेल. ब्रशऐवजी ह्यू/सॅच्युरेशनमध्ये ‘यलोज’ निवडून ह्यू उणे बाजूला, म्हणजे लालाकडे, नेला तरी हाच परिणाम मास्क लावून मिळतो. त्वचेवर चढलेला हिरवा रंग सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा पिवळ्याच्या खात्यात दिसतो. संशय आला तर इन्फो पॅनेलमध्ये आकडे पाहावेत. त्वचा गोरी असो वा सावळी, सामान्य उजेडात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याखाली आणि निळा सर्वांत कमी, हा क्रम असतो. हनुवटीखाली हिरवा आकडा लालाच्या बरोबरीला आला असेल तर काम शिल्लक आहे असे समजावे. झाक पूर्ण नाहीशी करण्याचीही गरज नाही. मागे हिरवळ दिसते आहे आणि मानेवर तिचा किंचितही अंश नाही, असे झाले की मूल कापून चिकटवल्यासारखे दिसते.

डोळ्यांखालचा काळसरपणा दोन गोष्टींचा बनलेला असतो, आणि त्या वेगळ्या कराव्या लागतात. तिथली कातडी पातळ असते, तिच्याखालच्या रक्तवाहिन्यांमुळे निळसर-जांभळी छटा येते. हा झाला रंग. दुसरी गोष्ट सावलीची. झाडाखाली उजेड वरून येतो आणि भुवईचे हाड डोळ्यांच्या खोबणीवर सावली टाकते. रंगासाठी वर सांगितलेला ‘कलर’ मोडचा लेअरच वापरावा, फक्त नमुना गालाच्या वरच्या भागातून घ्यावा. सावलीसाठी कर्व्ह्जचा लेअर घ्यावा, मधला बिंदू थोडासा वर उचलावा, मास्क काळा करावा आणि लहान मऊ ब्रशने ३ ते ५ टक्के फ्लोवर, खालच्या पापणीच्या घडीखालच्या खळग्यात, एकावर एक हलके हात द्यावेत. पापणीची घडी स्वतः झाकू नये. हसताना मुलांच्या डोळ्यांखाली जी लहानशी उशी फुगते ती त्या घडीमुळे दिसते, आणि ती गेली की डोळे हसायचे थांबतात. मनाजोगते उजळ झाले की त्या लेअरची ओपॅसिटी ५० टक्क्यांवर आणावी. हात नेहमी गरजेपेक्षा पुढे गेलेला असतो. सावली अर्धी राहिली तर चेहऱ्याला खोली राहते; पूर्ण गेली तर डोळे चेहऱ्यावर काढल्यासारखे वाटतात.

अनेक जण या टप्प्यावर फ्रीक्वेन्सी सेपरेशनकडे वळतात, म्हणून त्याबद्दल सांगतो. यात चित्राचे दोन लेअर होतात : खालच्यात ब्लर केलेला रंग-उजेड आणि वरच्यात उरलेला पोत. फोटोशॉपमध्ये ८ बिटच्या फाइलसाठी अप्लाय इमेजमध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ ठेवतात. १६ बिटसाठी अॅड, इन्व्हर्टवर खूण, स्केल २, ऑफसेट ०. आणि पोताच्या लेअरचा मोड लिनियर लाइट करतात. गिम्पमध्ये हेच ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्जने होते. पद्धत उत्तम आहे, पण मुलांच्या चेहऱ्यासाठी मला ती क्वचितच लागते. खालच्या लेअरवर लासोने भाग निवडून गॉसिअन ब्लर देण्याची सवय लागते आणि त्यात गालाची गोलाई, हनुवटीची खळी, नाकाशेजारचा उतार हे सारे सपाट होत जाते. मुलांच्या चेहऱ्यावर हाडांचे उठाव कमी असतात. त्यांचा आकार अशा सावकाश उतारांनीच दिसतो. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही. त्यापेक्षा ५० टक्के करड्या रंगाने भरलेला, सॉफ्ट लाइट मोडचा एक लेअर घ्यावा आणि त्यावर अगदी कमी फ्लोने डॉज अँड बर्न करून, म्हणजे ठिकठिकाणी उजळ आणि गडद करून, उरलेसुरले डाग समतोल करावेत. वेळ अर्धा तास जास्त लागतो.

डोळ्यांना फार काही करायचे नसते. बाळाच्या आणि लहान मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पातळ असल्याने किंचित निळसर दिसतो. तो कागदासारखा पांढरा करू नये. बुबुळात उजेडाचा जो ठिपका असतो त्याच्या समोरच्या बाजूला, खालच्या अर्धगोलात, थोडेसे डॉज करावे. गडद डोळे तेवढ्याने उघडतात. नवा ठिपका रंगवू नये. डोळे मोठे तर मुळीच करू नयेत. मुलांचे डोळे चेहऱ्याच्या मानाने आधीच मोठे असतात आणि त्यांचे वय आपल्याला त्यावरूनच कळते. आणखी मोठे केले की मूल व्यंगचित्रातले दिसते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल दिसते, कारण उघड्या बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परत येतो. तो लाल आपण बिनदिक्कत काढतो. परंतु एखाद्या मुलाच्या एकाच डोळ्यात लालाऐवजी पांढरी किंवा पिवळसर चमक दिसली, तर तो डाग पुसून विषय संपवू नये. कॅमेऱ्याचा कोन विशिष्ट असला तर निरोगी डोळ्यातही अशी चमक येऊ शकते, पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचेही ते पहिले लक्षण असू शकते. मूळ फाइल जपून ठेवावी आणि ती घेऊन लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास पालकांना शांतपणे सांगावे. तुमच्या फोटोत फ्लॅश नाही, तेव्हा हा प्रश्न तुमच्यापुरता उद्भवत नाही.

दातांबाबत एकच सूचना. दुधाचे दात कायमच्या दातांपेक्षा पांढरे असतात, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात नव्याने आलेले पुढचे दात शेजारच्या दातांपुढे पिवळे दिसतात. तो मळ नाही आणि तो पांढरा करायचा नाही. अडकलेला घास तेवढा काढावा.

लिक्विफायने, म्हणजे आकार ओढून-ढकलून बदलणाऱ्या साधनाने, गाल, नाक, हनुवटी यांना हात लावणे मी मुलांच्या फोटोत वर्ज्य मानतो. कपड्याची फुगलेली घडी बसवण्यापुरते ते साधन ठीक आहे. चेहरा आपोआप सुधारून देणाऱ्या एआय साधनांबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही. धूसर फोटो दिला की ती साधने पापण्या, बुबुळाच्या रेषा आणि दात स्वतःच्या मनाने रचतात, आणि त्यांनी रचलेले दात बहुधा मोठ्या माणसाचे असतात. फोटो सुंदर दिसतो, पण तो तुमच्या मुलीचा राहत नाही. शिवाय अशा सेवेला फोटो देताना तो कुठे साठवला जातो आणि कशासाठी वापरला जातो, हे वाचल्याशिवाय मुलाचा चेहरा तिच्या हाती देऊ नये. पार्श्वभूमीतली कचऱ्याची पिशवी किंवा विजेची तार काढायला मात्र ही साधने खुशाल वापरावीत. तिथे ती माझे बरेच कष्ट वाचवतात.

काम चालू असताना दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात : एकीत १०० टक्के झूम आणि दुसरीत पूर्ण चित्र. ३०० टक्क्यांवर जाऊन रंध्र-रंध्र साफ करणाऱ्याला आपण चेहरा कधी सपाट केला हे कळत नाही. दर दहा मिनिटांनी सगळे लेअर एकदम बंद-चालू करून पाहावेत. बंद केल्यावर ‘बिचारीला केवढे लागले होते’ असे वाटले तर ठीक. चालू केल्यावर ‘ही कोण’ असे वाटले तर सगळ्या लेअरचा एक गट करून त्याची ओपॅसिटी ७५-८० टक्क्यांवर आणावी. मी फाइल शक्यतो त्याच दिवशी पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच सेकंदांत जे खटकते ते दुरुस्त करतो आणि बाकीचे सोडून देतो.

फिल्टर लावलेली फाइल तुम्ही आधीच जेपेगमध्ये सेव्ह केली असेल, तर तिच्यावर पुढे काम करू नका. गेलेला पोत परत आणता येत नाही, आणि वरून ग्रेन टाकला तरी ती लव होत नाही. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल घ्या. सर्व लेअरसह एक प्रत पीएसडी किंवा टिफमध्ये ठेवा. ८ बाय १० इंचांची प्रत छापायची असेल तर ३०० पीपीआयच्या (दर इंचाला ३०० पिक्सेल) हिशेबाने २४०० बाय ३००० पिक्सेल लागतील. आकार ठरल्यावरच शार्पनिंग द्या, आणि तेही मास्क लावून पापण्या, भुवया, ओठांच्या कडा आणि केस एवढ्यांनाच. गालांना देऊ नका. फाइल एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगप्रणालीत, तिचे प्रोफाइल (रंगांची माहिती) जोडून पाठवा. फोटो ऑनलाइन टाकणार असाल तर निर्यात करताना ठिकाणाची माहिती काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करायला विसरू नका, कारण मोबाइलने काढलेल्या फोटोत ते झाड नेमके कुठे आहे हेही लिहिलेले असू शकते.